गोलकीपर बाहेर काढायचा की नाही

परवा भाचा शेजारी बसून माझ्याबरोबर एक जुनी फुटसाल मॅच बघत होता, म्हणजे अर्धं लक्ष मोबाईलमध्ये आणि अर्धं स्क्रीनवर, आणि शेवटची चारेक मिनिटं राहिली तेव्हा एकदम म्हणाला, "मामा, गोलकीपर गेला कुठे? गोल रिकामा आहे!" मी म्हटलं, गेला नाही, मुद्दाम बाहेर काढलाय, त्याच्या जागी पाचवा खेळाडू आलाय. तो म्हणाला, पण मग गोल होईल ना. म्हटलं, होऊ शकतो, तीच तर गंमत आहे. मग पुढचा अर्धा तास मी त्याला क्वालिफायर, म्हणजे मोठ्या स्पर्धेत जागा मिळवायच्या पात्रता फेऱ्या, समजावत बसलो आणि तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं, कारण फुटसालच्या वर्ल्डकपबद्दल, आशिया कपबद्दल थोडंफार कोणीतरी लिहितं, क्वालिफायरबद्दल मराठीत मला अजून फारसं काही वाचायला मिळालेलं नाही. आणि मला स्वतःला तर क्वालिफायरच जास्त आवडतात.

आधी ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. फुटसाल म्हणजे हॉलमधला छोटा फुटबॉल. दोन्हीकडे पाच-पाच जण, त्यात एक गोलकीपर. कोर्ट साधारण 40 बाय 20 मीटरचं, गोल 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच, बॉल चार नंबरचा आणि कमी उसळणारा. 20-20 मिनिटांचे दोन हाफ, पण बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं त्यामुळे 40 मिनिटांची मॅच सहज दीड तास चालते. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. बॉल बाहेर गेला की हाताने थ्रो नाही, पायाने किक-इन, आणि तेही चार सेकंदांत. एका हाफमध्ये टीमचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला भिंत न लावता थेट फ्री किक मिळते, 10 मीटरवरून, समोर फक्त गोलकीपर. हा सहावा फाउल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता क्वालिफायर. आशियाचं उदाहरण घेतो कारण ते मी सगळ्यात जवळून बघितलंय. 2026 चा एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) फुटसाल आशिया कप इंडोनेशियात, त्याची क्वालिफायर सप्टेंबर 2025 मध्ये झाली. इंडोनेशिया यजमान म्हणून थेट आत. बाकी 31 देश, आठ ग्रुप. प्रत्येक ग्रुप एकाच देशात एकाच हॉलमध्ये, तीन मॅचडे, मधे एखाद दिवस विश्रांती, पाचेक दिवसांत सगळं संपलं. आठ ग्रुपचे विजेते गेले आणि दुसऱ्या नंबरवाल्या आठांपैकी सात गेले.

हे पुन्हा वाचा. आठपैकी सात. म्हणजे दुसरा नंबर आला की जवळजवळ पोचलातच, फक्त एक देश असा असतो जो आपल्या ग्रुपमध्ये दुसरा येऊनही घरी जातो. मला नेहमी त्या आठव्या देशाचा विचार येतो. त्यांनी आपल्या मॅचेस खेळल्या, आपलं काम केलं, आणि मग हॉटेलच्या रूममध्ये बसून दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या, दुसऱ्या ग्रुपच्या मॅचचा स्कोअर बघत बसायचं, कारण आता आपलं सगळं त्यांच्या गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल. त्यात ग्रुप सगळे सारखे नसतात, कुठे चार टीम तर कुठे तीन, मग तुलना करताना चौथ्या नंबरच्या टीमविरुद्ध मारलेले गोल धरायचे नाहीत अशी पद्धत वापरतात. म्हणजे तुम्ही सगळ्यात कमकुवत टीमला दहा गोल मारून खुश झालात आणि नंतर कळलं की ते दहाच्या दहा हिशोबातच नाहीत. मी वहीत टेबल करतो दर वेळी, पेन्सिलने, कारण खोडावं लागतं.

आणि इथे गोलकीपरचा मुद्दा येतो.

पॉवर प्ले, म्हणजे गोलकीपर बाहेर काढून (किंवा गोलकीपरचीच जर्सी घातलेला, पायात चांगला असलेला खेळाडू आणून) पाच विरुद्ध चार हल्ला करायचा. नॉकआउटमध्ये हा निर्णय सोपा असतो. 0-2 मागे आहात, चार मिनिटं राहिलीत, काढा गोलकीपर. हरणार तर तसेही आहात, 0-2 ने हरलात काय आणि 0-5 ने हरलात काय, घरीच जायचंय. पण क्वालिफायरच्या ग्रुपमध्ये 0-2 आणि 0-5 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन टीमचे गुण सारखे झाले तर आशियात आधी त्या दोघांमधली मॅच बघतात, तीन टीम अडकल्या तर त्या तिघांमधल्या मॅचेसचे गुण आणि मग गोल, आणि दुसऱ्या नंबरवाल्यांच्या रांगेत गुण सारखे झाले तर गोल डिफरन्स. म्हणजे कोच बेंचजवळ उभा आहे, 0-2 आहे, त्याला एक गोल पाहिजे, कदाचित दोन, पण समोरच्याने बॉल अडवून 30 मीटरवरून रिकाम्या गोलमध्ये लोटला तर 0-3, परत झालं तर 0-4, आणि मग परवाची मॅच जिंकूनही उपयोग नाही. हातात फक्त एक मिनिटाचा एक टाइमआउट, तोही आधीच घेतला असेल तर तेही नाही.

मी असे कोच बघितलेत जे पहिल्याच मॅचला 0-2 असताना हात बांधून उभे राहिले. स्ट्रीमखालच्या चॅटमध्ये लोक ओरडत होते की हा घाबरट आहे, प्रयत्नच करत नाही. मला नाही वाटत तो घाबरट असतो. तो पहिल्या मॅचच्या 36 व्या मिनिटाला तिसऱ्या मॅचचा विचार करतोय. आणि याच्या उलट, शेवटच्या मॅचला ज्याला एक गोल कमी पडतोय तो सहा-सहा मिनिटं पॉवर प्ले खेळतो, बॉल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, समोरचे चार जण चौकोनात सरकतायत, सगळ्यांचे पाय थकलेत, कोणीतरी एक पाऊल उशिरा पोचतो आणि दुसऱ्या पोस्टजवळ मोकळा उभा असलेला खेळाडू बॉल नुसता आत ढकलतो. फुटसालमधला सगळ्यात सुंदर गोल कुठला विचाराल तर मी हाच सांगेन, लांबून मारलेला रॉकेट नाही, हा दुसऱ्या पोस्टचा एका मीटरवरचा गोल.

सहाव्या फाउलचंही तसंच. बचाव करणारी टीम पाच फाउलवर असेल तर शेवटची तीन मिनिटं ती अक्षरशः हात मागे बांधून खेळते, टॅकल करायचा धीर होत नाही. क्वालिफायरमध्ये नवीन देश इथे मार खातात. पायात कौशल्य असतं, पळायचा दम असतो, पण फाउल मोजून खेळायची सवय नसते, पहिल्या बारा मिनिटांतच पाच फाउल करून बसतात आणि मग उरलेल्या हाफमध्ये समोरचा मुद्दाम अंगावर ड्रिबल करत येतो. मैदानी फुटबॉल खेळून आलेल्या मुलांना हे शिकायला वेळ लागतो. तिथे मधल्या मैदानात जर्सी खेचली तर फार तर फ्री किक जाते, इथे तो फाउल बोर्डावर चढतो आणि हाफ संपेपर्यंत उतरत नाही.

आता भारताचं. आशियाची ही स्पर्धा 1999 ला मलेशियात सुरू झाली, पहिली इराणने जिंकली, आणि पुढेही बहुतेक वेळा इराणच. भारताची पुरुष टीम पहिल्यांदा क्वालिफायर खेळली 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, ताजिकिस्तानात, दुशान्बेला. 24 वर्षं! मधल्या काळात थायलंडने 2012 चा वर्ल्डकप भरवला, व्हिएतनाम 2016 ला वर्ल्डकपमध्ये जाऊन राउंड ऑफ 16 पर्यंत पोचलं, आणि आपण टीमच पाठवली नव्हती. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण ज्या खेळाला एक बंदिस्त हॉल आणि दहा मुलं पुरतात तो खेळ आपल्याकडे इतक्या उशिरा अधिकृत व्हायला नको होता. देशपातळीवरची क्लब स्पर्धासुद्धा 2021 ला सुरू झाली, दिल्लीत, आणि तीही थोड्या दिवसांची. महिनोन्महिने चालणारी लीग नसेल तर पॉवर प्लेविरुद्ध चौकोन कसा सरकवायचा हे कुठे शिकणार? ते कॅम्पमध्ये पंधरा दिवसांत शिकता येत नाही, ते शेकडो वेळा चुकून अंगात मुरतं.

दुशान्बेच्या ग्रुपमध्ये आपल्याबरोबर ताजिकिस्तान, पॅलेस्टाईन आणि म्यानमार. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे असल्यामुळे जागरण वगैरे नव्हतं. एकही मॅच जिंकलो नाही. पण त्या ग्रुपमधून ताजिकिस्तान पुढे गेलं, म्यानमार पुढे गेलं, आणि ताजिकिस्तान तर पुढच्या एप्रिलमध्ये बँकॉकला आशिया कपची सेमी गाठून थेट 2024 च्या वर्ल्डकपला पोचलं. म्हणजे पहिल्याच क्वालिफायरमध्ये आपण वर्ल्डकपला जाणाऱ्या टीमशी खेळलो. हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच क्वालिफायरमधून आलेल्या आणखी एका टीमची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अफगाणिस्तान. 2023 ची क्वालिफायर पार करून ते पहिल्यांदाच आशिया कपच्या मुख्य फेरीत आले. बँकॉकमध्ये सेमी हुकली, पण वर्ल्डकपची एक शेवटची जागा प्लेऑफने ठरणार होती (उझबेकिस्तान वर्ल्डकपचा यजमान आणि तेही सेमीत, त्यामुळे ती जागा मोकळी राहिली), आणि त्या प्लेऑफमध्ये त्यांनी किर्गिझस्तानला हरवलं. सप्टेंबर 2024, उझबेकिस्तान, अफगाणिस्तानचा पहिला फुटसाल वर्ल्डकप. तिथे अंगोलाला हरवून राउंड ऑफ 16. तिथे पॅराग्वेने थांबवलं. ऑक्टोबरच्या क्वालिफायरपासून वर्ल्डकपच्या नॉकआउटपर्यंत बारा महिनेही लागले नाहीत. लोक याला चमत्कार म्हणतात पण 2019 ला त्यांची अंडर-20 टीम आशियाच्या फायनलमध्ये जपानशी खेळली होती. ती मुलं मोठी झाली, इतकंच. देशात काय परिस्थिती आहे आपल्याला माहीत आहे, तरी ती मुलं खेळत राहिली. मी ती अंगोलाची मॅच बघताना उभा राहिलो होतो.

आणि जपान! जपान 2022 चा आशियाई विजेता, फायनलमध्ये इराणला हरवून. तो 2024 ला ग्रुपमध्येच बाहेर पडला आणि वर्ल्डकपला गेलाच नाही. ही त्यांची पहिली वेळ नव्हती, 2016 लाही विजेते म्हणून आले, क्वार्टरमध्ये व्हिएतनामने पेनल्टीवर घालवलं, मग प्लेऑफमध्ये किर्गिझस्तानने घालवलं, वर्ल्डकप गेला. पुन्हा पुन्हा हे किर्गिझस्तान मधे येतं बघा. लहान देश, पण फुटसालमध्ये त्यांना हलक्यात घेऊन चालत नाही. पाचेक दिवसांत तीन मॅचेस, त्यातली एक बिघडली की चार वर्षं थांबा, हे मोठ्या टीमलाही सुटलेलं नाही.

युरोपात थोडं वेगळं आहे. तिथेही सुरुवातीच्या फेऱ्या अशाच एका हॉलमधल्या मिनी टूर्नामेंट, पण 2024 वर्ल्डकपच्या एलिट राउंडमध्ये, म्हणजे त्यांच्या पुढच्या फेरीत, घरी आणि बाहेर अशा मॅचेस झाल्या, महिने चालल्या. म्हणजे एक वाईट दिवस गेला तरी सावरायला वेळ मिळतो. तरीसुद्धा इटली गेली नाही. 2003 आणि 2014 चे युरोप विजेते, 2004 ला वर्ल्डकपची फायनल खेळलेले, आणि 2021 आणि 2024 असे लागोपाठ दोन वर्ल्डकप घरी बसून. तिकडे 2024 ला फ्रान्स पहिल्यांदा आला आणि पहिल्याच फटक्यात सेमीपर्यंत गेला. दक्षिण अमेरिकेत दहा देश एका ठिकाणी जमतात, जागा चार, त्यात ब्राझील आणि अर्जेंटिना धरूनच चाला म्हणजे बाकी आठांना दोन. आफ्रिकेत आधी दोन लेगची (एक घरी, एक बाहेर) नॉकआउट मॅच आणि मग मुख्य स्पर्धा. मला विचाराल तर घरी-बाहेरची पद्धत जास्त न्याय्य आहे, पण आशियात अंतरं इतकी आहेत आणि बऱ्याच देशांकडे पैसा इतका कमी आहे की एका हॉलमध्ये सगळ्यांना जमवणं हाच व्यवहार्य मार्ग. आणि खरं सांगायचं तर त्या चार-पाच दिवसांचा जो ताण असतो ना, तो मला घरी-बाहेरमध्ये कधी जाणवला नाही.

ओशनियातल्या सॉलोमन बेटांचं पण आठवतं. ती टीम आपल्या भागातली क्वालिफायर जिंकून 2008 ला ब्राझीलला वर्ल्डकपमध्ये गेली आणि रशियाने त्यांना 31-2 ने हरवलं. एकतीस. दुसरा कोणी असता तर खेळ सोडला असता. ते परत क्वालिफायर खेळले, परत जिंकले, 2012 ला परत गेले आणि तिथे ग्वाटेमालाला 4-3 ने हरवलं. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "31 गोल खाल्लेल्या टीमने?" हो, त्याच देशाने.

तर मग सप्टेंबर 2025. भारताची दुसरी क्वालिफायर, या वेळी कुवेतमध्ये, ग्रुपमध्ये कुवेत, ऑस्ट्रेलिया, मंगोलिया. कुवेत यजमान, ऑस्ट्रेलिया शरीराने दणकट आणि वर्ल्डकप खेळलेली टीम. त्या दोघांनी आपल्याला हरवलं आणि तेच दोघे पुढे गेले, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. त्या दोन मॅचेस बघताना मला जे दिसलं ते असं, की पहिली काही मिनिटं आपण बरोबरीने पळतो, दाबतो, आणि मग समोरच्यांचं रोटेशन, म्हणजे सतत जागा बदलत फिरणं, सुरू झालं की गडबडतो. समोरचा पिव्होट, म्हणजे सगळ्यात पुढे पाठ करून उभा राहणारा खेळाडू, बॉल पायाखाली धरून थांबतो, आपला फिक्सो, म्हणजे मागचा बचावपटू, त्याला चिकटतो, आणि बाजूने येणाऱ्या दोघांपैकी कोणाला कोणी धरायचं हे ठरेपर्यंत बॉल आत. हे ओरडून सुधारत नाही. जास्त मॅचेस खेळूनच सुधारतं.

मग शेवटची मॅच, मंगोलिया. पुढे जायचा प्रश्न संपला होता, टेबलवर फरक पडणार होता तो तिसऱ्या-चौथ्या नंबरचाच. अशा मॅचला किती लोक बघतात? स्ट्रीमवर आकडा बघून वाईट वाटलं मला. पण मी वही घेऊन बसलो होतो, फाउल मोजत होतो दोन्ही बाजूंचे, कारण मला तेवढंच बघायचं होतं की दोन वर्षांत आपण मोजून खेळायला शिकलो का. भारत 3, मंगोलिया 0. आपल्या पुरुष टीमचा फुटसालमधला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि तोही एकही गोल न खाता. फुटसालमध्ये क्लीन शीट किती दुर्मिळ असते हे ज्याने चार मॅचेस बघितल्यात त्याला कळेल, 40 मिनिटं, तीही घड्याळ थांबवून मोजलेली, आणि एकदाही बॉल आत नाही. मी ताईला फोन केला, तिला फुटसालमधलं काही कळत नाही, तरी म्हणाली, "अरे वा, जिंकले का, छान झालं," आणि भाच्याला फोन दिला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, त्यांनी गोलकीपर बाहेर काढला होता का?"

वहीतलं ते पान मी अजून खोडलेलं नाही. भारत, सामने 3, विजय 1, पराभव 2, गुण 3. पेन्सिलने लिहिलं होतं, नंतर त्यावरून पेन फिरवलं.